डाव्या बाह्या

माझी आत्या दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची आणि डोळे मिटून माझ्या आईचं वाटोळं मागायची. हे तिनंच मला सांगितलं. "देवापासून काय लपवायचं?" म्हणाली.

दोघी एकाच शिलाई कारखान्यात कटिंगला होत्या. एकदा नमुना उलटवायचा राहिला आणि कापडाची अख्खी चळत कापली गेली ती नुसत्या डाव्या बाह्यांची. चूक आईची. पण मालक ओरडत आला तेव्हा आईनं बिनदिक्कत नणंदेकडे बोट केलं. आत्याची नोकरी गेली आणि सगळी गल्ली तिला 'डावी बाही' म्हणायला लागली. ती घरी पडदे शिवत राहिली, आई मुकादम झाली. खरं काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बाबांसकट सगळे मूग गिळून बसले. मी आईची लेक असले तरी आत्याच्याच बाजूची होते.

मग एका वर्षी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तसे आपणही एकमेकांचे धुऊ. आत्याचा चेहरा उजळला. "मी तुझ्या आईचे धुणार. सगळ्यांदेखत. बघच तू, तोंड लपवायला जागा मिळणार नाही तिला." त्यासाठी तिनं नवा टॉवेल आणून त्याच्या कडा स्वतः शिवल्या.

तिनं पाय धुतले ते अगदी मन लावून, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. पुसताना शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "बाह्यांचं मी केव्हाच माफ केलंय हं, वहिनी."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. आई लालबुंद झाली. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पण एकीचे धुऊन झाले की दुसरीनं धुवायचे, असं ठरलेलं होतं. नेमकं तेच आत्या विसरली होती. आई गुडघ्यांवर हात टेकत कशीबशी खाली बसली. "द्या पाय, वन्सं."

आत्यानं पाय झटकन खुर्चीखाली ओढले. "माझे नकोत."

"धुऊ द्या त्यांना," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "दुसऱ्याचे धुताना आपण वाकतोच, पण आपले धुऊ देताना मान जास्त वाकते."

आई घंगाळात बघत पुटपुटली, "नमुना उलटवायचा माझ्याकडूनच राहिला होता."

"मोठ्यानं बोला," आत्या म्हणाली.

आई मोठ्यानं बोलली. सगळ्या चर्चनं ऐकलं. इतकी वर्षं आत्यानं देवाकडे जे मागितलं होतं ते समोर गुडघ्यांवर बसलं होतं, हात पुढे करून.

आत्या उठली, चपला घातल्या आणि चालती झाली. आई तशीच बसून राहिली. तेव्हा मला वाटलं, बरी जिरवली. खोटं कशाला बोलू, अजूनही अधूनमधून वाटतं.

त्यानंतर आत्याला कुणी डावी बाही म्हटलं नाही. पण ती शेवटच्या बाकावर बसायला लागली. काय मागतेस आता, असं विचारलं तर म्हणायची, "काही सुचत नाही गं."

आत्या गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालायला आईच पुढे झाली. तोच टॉवेल तिनं कपाटातून शोधून काढला. पाय सगळ्यात शेवटी घेतले आणि सावकाश धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. या वेळी आत्याला ते मागे घेता आले नाहीत.