दुपारचं पाणी

ग्रामपंचायतीची सदस्य झाले तेव्हा मला मीटिंगमध्ये बोलायची भारी हौस होती. तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. कोळसा जाळून वीज होते, गाव जेवढी वीज वाचवेल तेवढा धूर कमी, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढच्याच मीटिंगला मी ठराव मांडला: नळयोजनेच्या विहिरीवर सौर पंप बसवायचा. ठराव एकमतानं पास झाला. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

पॅनल बसले. ऊन चढलं की पंप सुरू व्हायचा आणि अकराच्या सुमारास पाणी विहिरीतून थेट नळाला यायचं. लाइन गेली म्हणून पाणी नाही, हे रडगाणं संपलं. धामणगाव बढ्याच्या बाजारात ओळखीचं कुणी दिसलं की मी थांबवून सांगायचे. नवरा म्हणायचा, "आधी भाजी तं घे."

माझ्या थोरल्या जाऊबाई मात्र बोलेनाशा झाल्या. आमची दारं समोरासमोर, विहारात वंदनेलाही आम्ही शेजारी बसायचो. चार-पाच दिवस मी सोसलं, मग माझाच पारा चढला. त्यांच्या ओट्यावर जाऊन मी विचारलं, "बाई, माह्यासंग काऊन नाई बोलून राह्यल्या तुमी?"

त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुह्या पाण्यानं माहं काम गेलं."

शेतात निंदणाला बायका सकाळी आठला निघतात आणि दिवस कलल्यावर परततात. अकराला नळ येतो तेव्हा वस्तीतल्या निम्म्या घरांना कुलूप. जाऊबाई पाणी भरायला दोन-तीनदा घरी थांबल्या, तर बायका जमवणाऱ्या बाईनं त्यांच्या जागी दुसरीला घेतलं. हे मला कळलंच नव्हतं. मी घरी शिलाई करते, अकराला घरातच असते. ठरावाआधी मी गावात विचारलं होतं, नाही असं नाही. पण विचारलं सगळं पुरुषांना, आणि त्यांतला एकही पाणी भरत नव्हता. मला फार लाज वाटली.

ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा अर्धे लोक म्हणाले, जुनी विजेची मोटार परत लावा, पाणी पहिल्यासारखं सकाळीच येईल. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, चूक माझी आहे म्हणाले, आणि खाली बसले. मीटिंगमधली माझी सगळी हौस तिथेच जिरली.

तेवढ्यात बायकांतून जाऊबाई उठल्या. ग्रामसभेत त्या यायच्या, बसायच्या, जायच्या. बोलल्या कधीच नव्हत्या.

"सूर्य काई आमच्या निंदणाच्या टायमानं चालत नाई," त्या म्हणाल्या. "पण नळाचा वाल तं आपल्या हातात हाये. ते टाकी काऊन रिकामी ठेवली? दिवसा भरा, आन् सांजच्याले सोडा. मोटार कायले पाह्यजे?"

नळयोजनेची जुनी टाकी गळते म्हणून कित्येक वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. प्रशिक्षण घेऊन आलेल्या मीसुद्धा. त्याच सभेत गळती बुजवायचं ठरलं. पंप सौरच राहिला.

काम झालं आणि नळ संध्याकाळी सहाला येऊ लागला. त्याच आठवड्यात जाऊबाईंना निंदणाला परत बोलावणं आलं. त्या शेतातून येऊन, हातपाय धुऊन दारात निवांत पाणी भरत होत्या, मी माझ्या दारात भरत होते.

"आता पुढचा ठराव कोन्ता हाये वं तुहा?" त्यांनी विचारलं.

मी हसत म्हणाले, "ओला कचरा येगळा करून त्याचं खत करायचं."

"येगळा करन कोन?"

मी भरलेली घागर कमरेवर घेतली. मग म्हणाले, "बायकाच, बाई."

"मंग ठेव ते घागर खाली," त्या म्हणाल्या, "आन् आधी मले सांग."