समासातील सूचना

घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने, आणि प्रत्येकीस जबाबदार असलेल्या इसमांसह, प्रथम नमूद करतो. कारण माझ्या यापूर्वीच्या पत्रांत हा क्रम चुकला होता.

राखेच्या बुधवारचा, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाचा, आदला दिवस, तीन वर्षांपूर्वीचा. शिरूरच्या मिशनच्या आवारात फादरांच्या हस्तलिखित गीतांच्या वह्या जाळण्यात आल्या. जबाबदार: स्वतः फादर, आणि त्यांच्या शेजारी उभा असलेला मी.

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा, गतवर्षीचा. धर्मप्रांताचे नवे गीतपुस्तक दौंडच्या चर्चमध्ये वाटण्यात आले. सोबत मोबाइलवरून वाजवायचे तयार संगीत. जबाबदार: गीतपुस्तक समिती आणि तिचे निमंत्रक धर्मगुरू.

त्याच सप्ताहातील शुभ शुक्रवार, दुपारी तीन. प्रभूच्या मरणाच्या उपासनेत मरियेचा विलाप ठेक्यावर, ध्वनिवर्धकातून वाजवण्यात आला. जबाबदार: समिती, दौंडचे धर्मगुरू, आणि पहिल्या ओळीनंतरही जागेवर बसून राहिलेले आम्ही सर्व.

ईस्टरनंतरचा दुसरा रविवार. फादर गेले. यास कोणी जबाबदार नाही. वय झाले होते. येथे मला वेगळे काही लिहावेसे वाटते, परंतु पुराव्यावाचून लिहिणार नाही.

फादर आमच्या भागात आले तेव्हा मी शिरूरच्या न्यायालयात नक्कल विभागात नुकताच लागलो होतो. ते समुद्रकाठच्या गावचे, व्हायोलिन शिकलेले. मराठी बोलताना ओल्या पायरीवर पाय ठेवावा तसा एकेक शब्द ठेवीत. दौंडच्या रेल्वे कॉलनीतली जुनी कुटुंबे तेव्हा इंग्रजी स्तोत्रे गात, आणि शिरूरकडच्या आमच्या खेड्यांत सिनेमाच्या चालींवर प्रभूचे नाव बसवलेले असे. त्यांनी दोन्ही ऐकले. कोणावर रागावले नाहीत. देवापुढे उभे राहणारा माणूस उसन्या आवाजात बोलत नाही, एवढेच एका प्रवचनात म्हणाले, आणि दुसऱ्या आठवड्यापासून एसटीच्या टपावर बाजाची पेटी बांधून हिंडू लागले.

यवतला उतरत, वरवंडला एका घराच्या ओट्यावर बसत, आणि आधी काही शिकवण्याऐवजी तेथील बायकांना विचारत की तुम्ही लग्नात काय म्हणता, पोर निजवताना काय म्हणता. हळदीच्या गाण्यातून त्यांनी प्रवेशगीताची चाल उचलली. कांदे काढताना एकीने म्हणायचे आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, या रीतीवर स्तोत्राचा प्रतिसाद बसवला. दौंडच्या एका वयस्क गृहस्थांनी भर चर्चमध्ये विचारले होते की हे चर्च आहे की भजनी मंडळ. फादर म्हणाले, "उशिरा येणारे दोन्हीकडे मागेच बसतात." ते गृहस्थ नेहमी उशिरा येत. पुढे तेच टाळ धरू लागले.

यथावकाश बिशपांनी संपूर्ण धर्मप्रांताच्या उपासना-संगीताची जबाबदारी फादरांवर सोपवली आणि ती त्यांनी तीसहून अधिक वर्षे वाहिली. आज आमच्या खेड्यापाड्यांत मिस्सेत, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, जे मराठीतून गाइले जाते, त्यातील बहुतांश त्यांचे आहे. गीताखाली नाव घालू देत नसत.

चालींबाबत ते मोकळे होते, नियमांबाबत नव्हते. पवित्र गुरुवारच्या महिमागीतानंतर घंटा थांबते ती ईस्टरच्या जागरणापर्यंत. वाद्यालाही तेवढाच काळ मुभा नाही, वाजलेच तर केवळ गळ्याला आधार म्हणून. फादर ती सवलतही घेत नसत. गुरुवारी ते पेटी खोक्यात ठेवून कुलूप लावीत आणि किल्ली माझ्याकडे देत. कोर्टातल्या माणसाकडून वस्तू परत मिळायला तारखा पडतात, तेव्हा ही किल्ली तीन दिवस सुरक्षित राहील, असे ते दरवर्षी म्हणत आणि आम्ही दरवर्षी हसत असू.

आता विलापाविषयी.

माझा धाकटा भाऊ दौंडला रेल्वेत गँगमन होता. रुळावर काम करताना तो गेला. त्याला टेम्पोतून गावी आणले ते फादरांनीच. चौघे त्याला खाली घेत असताना आईने जो सूर लावला, तो मी तत्पूर्वी कधी ऐकला नव्हता. "हळू उतरा रे, लागंल त्याला," एवढेच शब्द. तिचा आवाज तीन पायऱ्या चढे आणि जेथे नाव यायला हवे तेथे तुटे. पुन्हा खालून सुरुवात, पुन्हा तेथेच तुटणे. फादर बायकांच्या घोळक्याशेजारी मातीत बसून राहिले. सांत्वनाचा एक शब्द बोलले नाहीत, याचा मला त्या दिवशी राग आला होता.

भाऊ जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या मिस्सेनंतर ते घरी आले. आई चुलीपुढे होती.

"माय, त्या दिवशी तुम्ही रडलात, ते मला द्याल का? शुभ शुक्रवारी मरियेसाठी हवे आहे."

आईने वळून पाहिले नाही. "रडनं काय माझ्या मालकीचं हाय व्हय? न्या." मग भाकरी उलटून म्हणाली, "पर त्येच्या मागं पेटी लावू नगा. आन् लेकराचं नाव घेऊ नगा. मला घेता आलं न्हाई, तर तिला कसं घेता येईल?"

फादरांनी खिशातली वही काढली आणि तेथेच लिहून घेतले. त्यातून जे गीत झाले त्यात मरिया क्रूसाखाली उभी राहून तेच म्हणते, हळू उतरा. शेवटची ओळ अशी आहे: उंबऱ्यातून आता हाक कुणाला मारू, येशू. अर्थ पुरा व्हावा म्हणून त्यांनी नाव ओळीत लिहिले होते, आणि समासात आईच्या दोन्ही अटी: पेटी बंद, ताल नाही; शेवटचा शब्द म्हणू नये, तेथे गप्प राहावे. ज्या गावात फादरांनी हे गीत शिकवले, तेथे लोक 'मारू'पाशी थांबत आणि सबंध चर्च क्षणभर श्वास धरून उभे राहत असे. आई मागच्या भिंतीशी बसायची. त्या गप्प राहण्याच्या वेळी तिचे ओठ हलायचे. ती काय म्हणत असे ते मी कधी विचारले नाही.

माझ्या निवृत्तीनंतर फादरांचा हात कापू लागला आणि त्यांनी सर्व गीतांची स्वच्छ प्रत करण्याचे काम मला दिले. त्यांना प्रत कोर्टाच्या धर्तीवर हवी होती: एकही शब्द कमी-जास्त नाही. दोन उन्हाळे मी ते काम केले. रुजवात माझ्या पत्नीने घेतली. म्हणजे तिने मूळ मोठ्याने वाचायचे आणि मी नकलेवर बोट फिरवायचे. विलापाच्या पानावर ती थांबली आणि तिने विचारले, "कडेचं वाचू का?"

मी म्हणालो, "नको. समासातले शेरे लेखाचा भाग नसतात."

नक्कल विभागात मी याच सवयीने काम केले. कोणी समासात टिपण केले, कोणी खूण केली, ती नकलेत उतरवायची नाही. त्या सवयीबद्दल मला वरिष्ठांकडून शाबासकीही मिळाली होती. मी पुढचे पान उलटले. अखेरच्या पानावर 'खरी नक्कल' असे लिहून सही केली.

त्यानंतर फादरांना वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात जावे लागले. तेथे एका खोलीत एक फळी. वह्यांना वाळवीही लागू लागली होती. ज्यावर प्रभूचे नाव आहे ते रद्दीत घालायचे नाही, अशी त्यांची शिकवण. राखेच्या बुधवारसाठी गतवर्षीच्या झावळ्या जाळतात, त्यांच्यासोबत वह्याही जाळायचे त्यांनी ठरवले. काडी ओढण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, "तुमची नक्कल आहे ना?"

"आहे फादर. अक्षरन् अक्षर."

दुसऱ्या दिवशी तीच राख त्यांनी कापऱ्या अंगठ्याने माझ्या कपाळावर लावली.

गतवर्षीच्या शुभ शुक्रवारी त्यांना निवासातून दौंडला आणले होते. चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेजवळ, माझ्या शेजारी. क्रूसावरचे वस्त्र दूर झाले आणि ध्वनिवर्धकातून ठेका सुरू झाला. मागे बासरी. विलाप, परंतु पाय हलावा असा. पायऱ्या त्याच होत्या, आईच्याच. आवाज मात्र त्या न थांबता चढून गेला. आणि शेवटच्या ओळीत गायनवृंदाने ते नाव घेतले. तीन वेळा, चढत्या सुरात. फादरांसोबत आयुष्यभर तबला वाजवलेले रेल्वेतले आप्पा आमच्या मागे बसले होते. त्यांनी मांडीवरचे हात उचलून काखेत घातले.

फादर माझ्याकडे वळले. "पेटी कोणी उघडली?"

ते निवासात गेल्यापासून पेटीची किल्ली माझ्याकडेच होती, आताही खिशात. मी म्हणालो, "पेटी नाही फादर, मोबाइल आहे."

वस्तुस्थितीस धरून दिलेले हे उत्तर होते आणि त्याइतके निरुपयोगी उत्तर मी आयुष्यात दिलेले नाही. मी त्यांना समजावून सांगायला निवासावर जाणार होतो. ईस्टरची गडबड सरल्यावर जाऊ असे ठरवले. त्यांच्या अंत्यविधीलाही तोच विलाप, त्याच ठेक्यावर झाला. त्यांच्या सन्मानार्थ, असे सांगण्यात आले.

त्यानंतर मी समितीस सात पत्रे पाठवली. सातही पत्रांत इतर सर्व जबाबदार होते, मी नव्हतो. गीताची मोडतोड केली, दिवंगताच्या सूचना धाब्यावर बसवल्या, माझ्या आईस दिलेला शब्द मोडला, असे आरोप मी कलमवार मांडले. शेवटी निमंत्रकांनी मला भेटीस बोलावले. तरुण माणूस, फादरांच्या हाताखाली शिकलेला. चहा दिला. शिक्रापूरच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी कारखान्यातली मुले रविवारी जमतात, कोणी झारखंडचे, कोणी ओडिशाचे. त्यांना सूर द्यायला कोणी नाही, म्हणून हे तयार संगीत केले, असे त्यांनी सांगितले. त्यात काही गैर आहे असे मलाही प्रामाणिकपणे म्हणता आले नाही. मग त्यांनी कपाटातून एक बांधीव प्रत काढून माझ्यापुढे ठेवली.

"काका, आमच्याकडे हेच मूळ आहे. वाद्य नको, नाव घेऊ नये, असे यात कुठे लिहिले आहे ते दाखवा. मी आजच्या आज बदलतो."

ती माझीच प्रत होती. मी पान काढले. माझे सरळ, सुवाच्य अक्षर. शेवटच्या ओळीत येशूचे नाव, पुढे पूर्णविराम. समास पूर्ण कोरा.

चहा तसाच ठेवून मी उठलो. घरी आल्यावर पत्नीला सांगितले. ती म्हणाली की तिला ते कडेचे शब्द अजून पाठ आहेत, मी थांबवले म्हणून तिने ते मनात वाचले होते. आप्पांकडे दौंडला गेलो. ते जोरात हसले आणि मग त्यांचे डोळे भरले. "कोर्टवाले, जन्मभर दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढल्यात. स्वतःची सापडायला माणूस जावा लागला व्हय?"

सबब मी आठवे पत्र लिहिले. त्यात नकलेतील चूक माझी असल्याचे कबूल केले, समासातील सूचना शब्दशः नोंदवली आणि खाली पत्नीची व आप्पांची साक्षीदार म्हणून सही घेतली. निमंत्रकांनी म्हटल्याप्रमाणे त्याच दिवशी बदल व्हायला हवा होता. ते पत्र पोचल्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर नाही. उपवासकाळ पुन्हा सुरू झाला आहे, आणि दौंडच्या गायनवृंदाचा सराव त्याच ठेक्यावर चालू असल्याचे आप्पांनी कळवले आहे.

म्हणून हे जाहीर निवेदन. फादरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना देऊ शकलो नाही, ते येथे देतो: पेटी मी उघडली. आईने घातलेली अट मी कोऱ्या समासात पुसली आणि तिच्या मुलाच्या जागी ठेवलेली शांतता मी पूर्णविरामाने भरली. हे मी झावळ्यांच्या रविवारी दौंडच्या चर्चमध्ये, सर्वांसमोर, उभा राहून वाचणार आहे.

निमंत्रक धर्मगुरूंनी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, वेदीवरून उत्तर द्यावे. पत्राने नको, फोनवर नको, चहावर नको. समासातील सूचना आता त्यांच्या हाती लेखी आहे. येत्या शुभ शुक्रवारी 'मारू' या शब्दानंतर चर्च गप्प राहणार आहे की नाही, आणि नसेल तर कोणत्या अधिकाराने, हे त्यांनी मोठ्याने सांगावे.