निष्पादक आणि निष्पाप

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली तक्रार केली, आणि तीही सख्ख्या काकांविरुद्ध. वडिलांनी चाकणजवळचे आपले छोटे वर्कशॉप आणि त्यातले लेथ मशीन मृत्युपत्राने आम्हा दोघी बहिणींना दिले होते; ते आमच्या हाती सोपवण्याचे काम तेवढे काकांकडे होते. काकांनी दाराला स्वतःचे कुलूप लावले, वर ‘मालक’ म्हणून स्वतःच्या नावाची पाटी रंगवली आणि मशीनला गिऱ्हाईकही पाहिले. ज्या मशीनवर वडील तीस वर्षे उभे राहिले, ते जाणार होते.

राजगुरुनगरच्या वकीलबाईंनी शांतपणे समजावले. वारसांना मालमत्तेची यादी मागता येते, विक्री थांबवण्यासाठी न्यायालयात जाता येते, आणि मृत्युपत्राचा निष्पादक, इथे म्हणजे काका, ऐकतच नसेल तर त्याला दूर करण्याची मागणीही करता येते. आधी नोटीस धाडू, त्या म्हणाल्या. काका चिडणार तर नाहीत ना, असे तीनदा विचारून मी भीतभीतच सही केली.

चार दिवसांनी काका चिंचवडला आमच्या घरी आले ते पेढे घेऊन. चष्मा मोडल्यापासून ते अंदाजाने वाचत. नोटिशीच्या पहिल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले.

“तुझ्या वकिलानंच लिवलंय, पोरी. मी निष्पाप हाय.”

धाकटी बहीण तोंडातल्या पेढ्यासकट स्वयंपाकघरात पळाली. तिचे हसू भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागले आणि कंडक्टरकडे सुटे मागतानाही लाजणारी मी डोळ्यांत पाणी येईतो हसले. त्या हसण्यातच भीती कुठे सांडली कोण जाणे.

“काका, ते निष्पादक आहे. बाबांनी लिहिलं ते पार पाडणारा.”

“मालक न्हाई?”

“नाही.”

मग मी उरलेली नोटीस, न्यायालयाच्या परिच्छेदासह, खणखणीत वाचून दाखवली. काकांनी आपल्याच पुड्यातला एक पेढा खाल्ला, कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि गिऱ्हाइकाला काय सांगू, म्हणून विचारले. निष्पादकाने नकार दिला असे सांगा, मी म्हटले. तो शब्द त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिला.

“पाटीवर मालक खोडून ह्यो घातला तर चालंल का? भारदस्त हाय.”

चालेल, मी म्हणाले. पण पेंटरला तो मीच लिहून देईन.