चतकोर भाकरी

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आईच्या पोटात गाठ निघाली. जालन्यातल्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी दहा किलो वजन उतरवा, मगच ऑपरेशन. एवढ्या चरबीत हात घालणं धोक्याचं आहे.

वडील मास्तर. अंगाने काटकुळे, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. माणसाकडे निग्रह पाहिजे, हे ते शाळेत फळ्यावर लिहीत आणि घरी आईला ऐकवीत. स्वतः भूक शिल्लक ठेवूनच पानावरून उठायचे. चतकोर भाकरी, थोडी भाजी ताटात तशीच. गल्लीभर त्याचं कौतुक.

आईसाठी त्यांनी भिंतीवर खिळ्याला कागद लावला. एका वेळी भाकरी एक, भात बंद. लक्ष ठेवायला मी, वय चौदा. दर रविवारी धान्याच्या मोंढ्यातल्या एका आडतीवर, पोती चढवतात त्या काट्यावर आईला बसवायचे. हमाल बिचारे तोंड फिरवून मापं टाकायचे. वजन काही हलेना. परतताना वडील म्हणायचे, बाईच्या जातीला जिभेवर ताबाच नाही. मीही मान डोलवायचे. त्याची मला अजून लाज वाटते.

दिवाळी आली तरी काटा तिथेच, आणि आईला दुखणं सोसवेना. एका रविवारी जेवताना वडील म्हणाले, तुला बरं व्हायचंच नाही. नेहमीसारखी चतकोर ठेवून उठू लागले. आईने ते ताट पुढ्यात ओढलं. आमच्याकडे बायको नवऱ्याच्या ताटातच जेवायची.

"तुम्ही सोडता ते कुठं जातं, कधी पाह्यलं का?" ती आवाज न चढवता म्हणाली. "रेशनची तांबडी मिलो जवारी खाऊन दिवस काढले आपण. मला टाकून देता येत न्हाई. तुमचं, लेकरांचं, समद्यांचं उष्टं मीच खाऊन राह्यले."

भिंतीवरच्या कागदात उष्ट्याचा उल्लेखच नव्हता. आई स्वतःची भाकरी खायची ती ह्या सगळ्याच्या वर. वडील हात धुवायला गेले. मला वाटलं, आता तरी ताट साफ करतील. संध्याकाळी पुन्हा चतकोर. सवय कसली, मिजास ती!

आईच्या आधी मीच ताट ओढलं आणि खाल्लं. भावंडांचं उरलेलंही खाल्लं. ती नको नको म्हणत राहिली. मग रोज, दोन्ही वेळा, पोट तुडुंब असलं तरी. उन्हाळा लागता लागता आईचं वजन उतरलं, ऑपरेशन झालं, ती वाचली. वडील येईल त्याला कागद दाखवायचे, निग्रहानं काय होतं पाहा म्हणायचे.

पुढच्या वर्षी त्याच खिळ्याला नवा कागद लागला. रविवारी काट्यावर मला बसवायला लागले.