रिकाम्या घराला कुलूप

“तीनशे पाच,” मी सांगितलं. नरसम्मानं पाटी वर केली. पाटीवर होतं ३००५. मागच्या ओळीतल्या बहुतेक पाट्यांवरही तेच.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागेची. सोलापुरात विणकरांच्या वस्तीतल्या मुलींच्या शाळेत मी दुसरीला शिकवत असे. मुली घरी तेलुगू बोलत, शाळेत मराठी. इन्स्पेक्शन तोंडावर आलं होतं. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना सगळे दिपोटी म्हणत. त्यांच्या शेऱ्यावर शाळेची ग्रँट अवलंबून. त्यामुळे आमच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमास्तरीण, अगदी बेचैन होत्या.

“एकं, दहं, शतं घोकून घ्या,” त्या म्हणाल्या.

“घोकलंय, बाई. झोपेतसुद्धा म्हणतील.”

“मग चुकतात कशा?”

“नीट ऐकतात म्हणून. तीनशे ऐकलं की ३०० लिहितात, पाच ऐकलं की पुढं ५ लावतात. आकड्याची किंमत जागेवरून ठरते, हे त्यांना दिसलेलंच नाही.”

“दाखवा मग. पण लवकर!”

त्याच आठवड्यात नरसम्माचे वडील व्यंकय्या शाळेत आले. त्यांच्या घरी हातमाग होता.

“बाई, पोरगी पास न्हाई झाली तर पुढं न्हाई पाठवनार. घरी कांड्या भरंल.”

कांड्या भरणं म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळणं. माग असलेल्या घरांत हे काम बायका-पोरींकडेच असे.

“परीक्षेपर्यंत थांबा,” मी म्हटलं. “ती पास होणार.”

हे मी त्यांची समजूत घालायला म्हटलं नव्हतं. पोरगी हुशार होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या फरशीवर खडूनं तीन घरं आखली. उजवीकडचं एकंचं, मधलं दहंचं, डावीकडचं शतंचं. मुलींनी घरून चिंचोके आणले. नियम एकच. कुठल्याही घरात नवाच्या वर काही राहायचं नाही. दहा चिंचोके झाले की चिंधीत पुरचुंडी बांधायची आणि शेजारच्या घरात ठेवायची. दहा पुरचुंड्या झाल्या की त्या एका टोपलीत, आणि टोपली शतंच्या घरात.

तीनशे पाचला तीन टोपल्या आल्या आणि सुटे पाच चिंचोके. मधलं घर रिकामं. नरसम्मानं लिहिलं ३५.

“हे तर पस्तीस झालं,” मी म्हटलं.

“मधी कोनीच न्हाई की, बाई!”

“घरातली सगळी माणसं गावाला गेली तर तुमच्या गल्लीत काय करतात?”

“कुलूप लावत्यात.”

“मग लाव की.”

तिनं ३ आणि ५ च्या मध्ये पूज्य काढलं. शून्याला आम्ही तेव्हा पूज्यच म्हणत असू.

दिपोटी वर्गात शिरले तेव्हा मुली पुरचुंड्या बांधत बसल्या होत्या.

“ही शाळा आहे की भातुकली?”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“साहेब, आपण संख्या घालून पाहा,” मी म्हटलं.

सातशे दोन. बरोबर. पाचशे चाळीस. तेही बरोबर. मग ते म्हणाले, “चार हजार सहा.”

“हजार अजून शिकवलेले नाहीत, साहेब,” मोठ्या बाई घाईनं म्हणाल्या.

“बघू तर.”

मी मध्ये पडले नाही. नरसम्मा उभी राहिली.

“साहेब, हजार म्हंजे किती टोपल्या?”

“दहा.”

तिनं खडू घेतला आणि शतंच्या डावीकडे चौथं घर आखलं. त्यात ४ लिहिले. पुढच्या दोन घरांत पूज्यं, शेवटच्या घरात ६.

साहेब वाकून बघत होते. “ही दोन पूज्यं कशाला?”

“हितं कोनी न्हाई, पन घरं हायत की!”

साहेब मोठ्यानं हसले. शेरा चांगला मिळाला, ग्रँटही आली. नरसम्मा परीक्षेत पास झाली, व्यंकय्यांनी शब्द पाळला आणि ती चौथीपर्यंत शिकली. कांड्या तिनं भरल्याच, पण रोज शाळा सुटल्यावर.

पुढं नोकरी संपेपर्यंत मी एक केलं. उत्तर चुकलं की मुलीला आधी विचारायचं, हे कसं काढलंस? बहुतेक वेळा तिच्याकडे कारण असतं. ते कळलं की शिकवायला फार वेळ लागत नाही. घोकून घ्यायचं म्हटलं तर मात्र अख्खं वर्ष पुरत नाही.