रुबिएलाबाईंच्या खिडकीसमोरचा जिना

योर्लादीसला आनंदाने टाळ्या पिटताना बघायचं असेल, तर तिच्या कॉम्प्युटरवरचा जिना मजल्याला भिडेपर्यंत थांबावं. कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या एका कचेरीत ती दिवसभर उंच इमारतींचे काँक्रीटचे जिने काढते. शेवटची पायरी स्लॅबशी नेमकी जुळली, की दोघांमधली रेघ पुसली जाते. मग ही "गेली बघ रेघ! आता दोघं एकच!" असं ओरडून माझा गालगुच्चा घेते. मी बेकरीत पाव भाजणारा माणूस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या गालगुच्च्यासाठी मी जन्मभर जिने बघायला तयार आहे.

आमच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत आईच्या घरावर लेक आपला मजला चढवते. योर्लादीसच्या आईने, रुबिएलाबाईंनीही पत्रे काढून स्लॅब टाकायला होकार दिला होता. आमच्या लग्नासाठी योर्लादीसची मात्र एकच अट होती: रस्त्यावरून थेट वर जाणारा जिना आणि स्वतःचं दार.

"आईच्या स्वयंपाकघरातून रोज वरात काढायची असेल, तर मी बिनलग्नाची बरी!" ती म्हणायची. माझा जीव टांगणीला लागला होता.

त्या जिन्याचे तिने किती लाड केले! आधी तो स्लॅबला खालून धडकला, मग तिने स्लॅबमध्ये मोकळी जागा ठेवली. पडद्यावरचा छोटा माणूस वर चढवला, तर त्याचं टाळकं काँक्रीटमध्ये! ती हसून हसून खुर्चीवरून घसरली आणि मोकळी जागा लांब केली.

स्लॅबच्या रविवारी सगळी गल्ली घमेली घेऊन हजर झाली. रस्त्यातच चुलीवर सांकोचोचं पातेलं चढलं होतं, त्यात कोंबडी आणि कच्ची केळी रटरटत होती. योर्लादीस शिडीने स्लॅबसाठी ठोकलेल्या फळ्यांवर चढली आणि तिथूनच किंचाळली, "माझा जिना कुठाय?"

रस्त्याकडची मोकळी जागा फळ्यांनी बंद होती. नवी जागा थेट स्वयंपाकघरावर उघडली होती. एरिबेर्तो मिस्त्री टोपी चुरगाळत म्हणाले, "काल बाईंनीच सांगितलं. मला वाटलं, तुमचं ठरलंय."

"छप्पर माझं आहे," रुबिएलाबाई पातेलं ढवळत म्हणाल्या. "तू बाहेरच्या बाहेर जाशील-येशील. आजारी पडलीस, भांडलीस, रडलीस, मला कोण सांगणार? हा बेकरीवाला?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. मी उगाच चुलीत लाकूड सारलं.

योर्लादीस खाली आली. आता ही लग्न मोडणार, असं मला वाटलं. तिने घरातून लॅपटॉप आणला, सिमेंटच्या गोण्यांवर ठेवला आणि आईला हात धरून पुढे ओढलं.

"ही तुझी खिडकी. तू आत उभी आहेस. आता बघ."

खिडकीतून बाहेरचा जिना दिसला. छोटा माणूस चढू लागला आणि त्याचे पाय बरोबर रुबिएलाबाईंच्या डोळ्यांसमोरून गेले.

"थांब, मागे घे," त्या पुढे वाकल्या. "हे बूट कुणाचे?"

"आर्बेईचे समज," तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"पिऊन आला तर?"

"पाय वाकडे पडताना दिसतील."

"आणि तू?"

"मी रोज इथूनच जाणार, आई. उदास असले तर चालण्यावरून कळेलच तुला."

रुबिएलाबाईंनी डोळे पुसले. चुलीच्या धुराचं निमित्त होतंच. मग डाव उगारून गरजल्या, "मिस्त्री, बघत काय बसलात? ते भोक बुजवा आणि हे उघडा!"

गल्ली खदाखदा हसली. फळ्या-सळया पुन्हा हलेपर्यंत आम्ही आधी जेवलो, मग काम केलं. असा उलटा रविवार वस्तीत कुणी पाहिला नव्हता. योर्लादीस कमरेपर्यंत सिमेंटने माखून मला मिठ्या मारत होती आणि मी खुळ्यासारखा हसत होतो. तिला दार मिळालं होतं, मला ती. आपण कुणाच्या नजरेखाली चाललोय, हे लक्षात यायला मला लग्न उरकावं लागलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मी पहाटेचे पाव भाजून बेकरीतून परतलो. सासूबाईंची झोपमोड नको आणि चौकशीही नको, म्हणून बूट हातात घेऊन अनवाणी, दबकत जिना चढू लागलो. अर्ध्यावर पोहोचलो आणि खिडकी उघडली.

"बूट घाल रे, गारठशील," रुबिएलाबाई म्हणाल्या. खिडकीतून वाफाळत्या चॉकलेटचे दोन पेले बाहेर आले. "आणि सांडू नकोस. एक तुझा आहे."