काट्यावर चढणारे दाजी

या जगात खरे वजन एकच आहे आणि ते आमच्या दाजींचे, असे मी म्हटले तर तुम्हाला ती मेहुण्याची थट्टा वाटेल. पण खुद्द दाजींना त्यात थट्टेसारखे काहीच सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. असोद्याला त्यांची केळीची बाग आहे. कापणीच्या दिवशी व्यापाऱ्याची माणसे वजनकाटा घेऊन बांधावर येतात, आणि पहिला घड चढण्याआधी त्या काट्यावर दाजी चढतात. तरुणपणी कधी तरी सरकारी शिक्क्याच्या काट्यावर त्यांनी स्वतःला तोलून घेतले होते. भरले बहात्तर किलो. तेव्हापासून बहात्तर दाखवील तो काटा खरा, बाकीचे सगळे खोटे; आणि खोट्या काट्यावर आपला माल घालायचा नाही, हा त्यांचा नेम. भर उन्हात काटे परत धाडलेले मी पाहिले आहेत. व्यापारी कपाळाला हात लावतात, पण दुसरा काटा आणतात.

हा नेम पाळायचा तर माणसाने जन्मभर बहात्तर किलोच राहायला हवे, ही अडचण दाजींनी केवळ निश्चयाच्या बळावर निकालात काढली होती. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टीचा आग्रह सुरू झाला की ते ताटावर हात धरून सांगत, "खाल्ली असती, पन बुधवारी कापनी हाये." उपास मात्र ते करत नसत, कारण त्याने वजन घटते. अक्काला वाटे, हा देवाचा अपमान आहे. दाजींच्या मते देवालाही खरा काटा आवडतो. काट्यावर चढायचा सदरा ठरलेला, चप्पल ठरलेली. जळगावात डॉक्टरांकडे तापासाठी गेले, तर तापाचे राहिले बाजूला. तुमचा काटा अर्धा किलो चढा आहे, हे डॉक्टरांना पटवूनच ते उठले. आणि त्यांची अक्कलदाढ काढावी लागली, तेव्हा तर कमालच झाली. ती दाढ त्यांनी कागदात बांधून मागून घेतली आणि पुढच्या कापणीला खिशात ठेवून काट्यावर चढले. तेव्हापासून ती त्या सदऱ्याच्या खिशातच असते.

ती दाढ काढली होती त्यांच्या एकुलत्या एका मुलीने. माझी ही भाची धुळ्याला माझ्याकडे राहून दाताची डॉक्टर झाली. हट्टाच्या बाबतीत ती बापाच्या वरचढ. पुढचे शिक्षण परदेशातल्या दंत महाविद्यालयात घ्यायचे, असे तिने ठरवले आणि तिथली प्रवेश परीक्षा दिली. बरोबर पाचोऱ्याची तिची मैत्रीणही होती. मात्र दोघींचे दिवस वेगळे, पेपरही वेगळे. घरी येऊन दोघींनी आठवून आठवून पडताळले, तर भाचीची उत्तरे मैत्रिणीपेक्षा जास्त बरोबर. निकाल आला तेव्हा मैत्रिणीचे गुण जास्त आणि भाचीचे कमी. इतके कमी, की प्रवेश हुकला.

भाची रडली नाही. पुन्हा देते, म्हणाली. पण दाजींनी साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे सरळ होते. पोरीने माल जास्त घातला आणि त्यांनी वजन कमी लावले, म्हणजे मधल्या मध्ये कुणीतरी, व्यापारी वजनात तूट धरतात तसा, कडता कापला. किती उत्तरे बरोबर आली हेसुद्धा हे लोक सांगत नाहीत, नुसता शेवटचा आकडा हातावर ठेवतात. असल्या काट्यावर पोरीची मेहनत मी दुसऱ्यांदा घालणार नाही. भाचीने समजावले, अक्काने अबोला धरला. शेवटी तडजोड एवढीच निघाली, की धुळ्याच्या तिच्या कॉलेजातल्या मॅडमकडे जायचे आणि काटा तपासायचा. खरा निघाला तर परीक्षा, नाही तर जळगावात दवाखाना.

दाजी केळीचा एक अख्खा घड खांद्यावर घेऊन मॅडमच्या दिवाणखान्यात शिरले, मागून मी आणि भाची. मॅडमनी फार शांतपणे सांगितले. परीक्षेचे पेपर अनेक असतात. कितीही जपले तरी एखादा थोडा सोपा निघतो, एखादा थोडा अवघड. नुसती बरोबर उत्तरे मोजली तर ज्याच्या वाट्याला सोपा पेपर आला त्याचे फावते. म्हणून सगळे पेपर एकाच मोजपट्टीवर आणतात. सोप्या पेपरात तेवढ्याच गुणांसाठी जास्त उत्तरे बरोबर यावी लागतात. तुमच्या मुलीचा पेपर सोपा होता, मैत्रिणीचा अवघड.

"सोपा का अवघड, हे ठरवतं कोन?" दाजींनी विचारले. "काटा त्यांचा, मापही त्यांचं."

मॅडम म्हणाल्या, काही प्रश्न दोन्ही पेपरांत अगदी तेच घातलेले असतात. दाजींनी मान हलवली, पण ती न कळल्याची होती. मॅडमनी पुन्हा सांगितले. दाजींनी पुन्हा तशीच मान हलवली. मला आता जळगावचा दवाखाना दिसू लागला.

तेवढ्यात भाची म्हणाली, "आबा, दोन काटे जुळतात का, हे तुम्ही कसं बघता?"

"दोन्हीवर मी उभा ऱ्हातो."

"मग हे प्रश्न म्हणजे तुम्ही. या प्रश्नांत दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली आणि बाकीच्या पेपरात एकीकडची पुढे गेली, तर ती जास्त हुशार नाहीत, त्यांचा पेपर सोपा."

दाजींच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली. मग त्यांनी मॅडमना एकच विचारले, हे प्रश्नच मधे बदलले तर? मॅडम म्हणाल्या, मग सगळंच चुकेल, म्हणून ते फार जपतात. "जपावंच लागतं," दाजी म्हणाले आणि त्यांनी अगदी नकळत स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. उठताना भाचीला म्हणाले, "दे माय परीक्षा. काटा खरा हाये."

पुढचे काही महिने भाची अभ्यासाला आणि दाजी प्रचाराला लागले. असोद्यात कुणाच्या पोराला गुण कमी पडले की हे विचारायचे, पेपर कसा होता? अक्काच्या भरितालासुद्धा वांगी कशी होती हे धरून गुण मिळू लागले. भाचीने दुसऱ्यांदा परीक्षा दिली. पेपर फार अवघड गेला असे सांगत ती आली, तेव्हा घरात एकटे दाजी खूश झाले. त्यांचे बरोबर होते. तिला प्रवेश मिळाला. तिला गाडीत बसवताना ते तिच्या बॅगांच्या वजनाबद्दलच बोलत राहिले, आणि गाडी हलल्यावरही ते वजन पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

त्यानंतरच्या कापणीला मी असोद्याला होतो. तोच सदरा, तीच चप्पल, खिशात दाढ. दाजी काट्यावर चढले. काट्याने अडुसष्ट दाखवले. व्यापाऱ्याचा माणूस सवयीने काटा उचलायला वाकला. दाजी खाली उतरले, पुन्हा चढले. पुन्हा अडुसष्टच.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "काटा बरोबर हाये. मीच कमी झालो."

मग पहिला घड चढला. त्या माणसाने माझ्याकडे पाहिले आणि मी बागेकडे.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. कापणी झाली का, काटा खरा होता का, असे तिने नेहमीसारखे विचारले. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे आम्ही सगळे ऐकत होतो.

"खरा होता," दाजी म्हणाले. "बहात्तर."

अक्काने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. दाजींनी ताटावर हात धरला नाही.